भरल्या टाकीची बैठक

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलाकडच्या मंडळींनी विचारलं, "मुलगी नोकरी करते, म्हणजे नेमकं काय करते?" आमचे आबा, म्हणजे माझे वडील, अंथुर्ण्याच्या घरी ओसरीवर पान जमवत बसले होते. मान वर न करता त्यांनी सांगून टाकलं, "बारामतीला कंपनीत हाय. काम्पुटरवर वाकड्या वस्तू काढती." पोरीच्या हाताला वळण नाही म्हणून वस्तू वाकड्या येतात, अशी मंडळींची समजूत झाली असावी. मी आतल्या खोलीत हसू दाबून उभी होते. ते स्थळ जमलं नाही. पण आबांनी माझ्या धंद्याची जी व्याख्या केली, तशी सुटसुटीत व्याख्या पुढं एकाही इंजिनिअरच्या तोंडून मी ऐकली नाही.

दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तर तेच वाक्य आधी आठवलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सरळ वस्तू काढण्यात फारशी कला नाही. पेटी आणि तिचं झाकण काढायचं असेल तर लांबी, रुंदी, उंची मोजली की काम झालं. पण मोटरसायकलची टाकी, हेल्मेट, पाण्याचा जग अशा वस्तूंवर कुठंही बोट ठेवा, तिथलं वळण शेजारच्या वळणाहून वेगळं असतं. आणि अशा एका वाकड्या वस्तूवर दुसरी वाकडी वस्तू बसवायची म्हटलं की माझा धंदा सुरू होतो. दोन माणसांना एकच नकाशा देऊन एकाला खालची आणि एकाला वरची वस्तू काढायला सांगा. दोघंही बरोबर काढतील, आणि दोन्ही वस्तू एकमेकींवर ठेवल्या की मधून मुंगी फिरून येईल. म्हणून आम्ही वरची वस्तू वेगळी काढतच नाही. खालच्या वस्तूची कातडी जशीच्या तशी उचलायची, तिची नक्कल दुसऱ्या वस्तूत नेऊन ठेवायची आणि तिच्यानंच दुसरी वस्तू कापायची. म्हणजे दोघींचं वळण एकच राहतं. पुस्तकात ह्या कातडीला पृष्ठभाग म्हणतात. तो शब्द आमच्या शेडमध्ये मी एकदाच उच्चारला. सगळे इतके हसले की त्यानंतर आम्ही सर्वांनी मुकाट्यानं 'सर्फेस' म्हणायला सुरुवात केली.

मोरगावकडचे एक गृहस्थ दुधाची किटली घेऊन आले होते. दूध गरम राहावं म्हणून तिला बाहेरून कवच हवं होतं आणि कवचात नि किटलीत सगळीकडं सारखी पोकळी हवी होती. मी कामाला वेळ लागेल म्हटल्यावर ते म्हणाले, "त्यात काय हाय? हीच वस्तू जरा मोठी करा की. झेरॉक्सवाला करतोय तशी." मी त्यांना समजावलं, की स्वेटर विणताना आपण माणूस मोठा करत नाही. अंगापासून सगळीकडं तेवढंच अंतर सोडतो. माणूसच मोठा केला तर त्याचे हातही लांब होतील आणि गळाही खाली जाईल. किटली मोठी केली तर पोटापाशी पोकळी जास्त होईल, गळ्यापाशी कमी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं साधं काम लई अवघड करता बगा." असा राग आला होता मला! पण त्या दिवसापासून सारखं अंतर सोडणं कुणालाही समजावताना मी स्वेटरच सांगते.

हे सगळं नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाचं. आमचा कारखाना म्हणजे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड होती. त्यात साचे बनायचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या वस्तू ज्यात ओतून तयार होतात ते पोलादी ठोकळे. कारखान्याचे मालक वैद्य साहेब पुण्याचे. कामाला कडक, मनानं चांगले, आणि हिशेबात न बसणारी गोष्ट ऐकली की चष्मा काढून पुसत बसणारे. त्यांनी हिंमत करून एक संगणक आणला होता. त्याच्यावर एखादं वाकडं वळण जरा हलवलं तर चित्र पुन्हा उमटेपर्यंत चहा पिऊन यावं, अशी त्याची चाल. पोरीच्या जातीला त्या खोलीत बसवल्याबद्दल साहेबांना पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं. त्यांनी ते माझ्यापर्यंत कधी येऊ दिलं नाही, आणि कानावर आलंच असतं तरी मी जागची हलले नसते.

त्या खोलीत एक दिवस इंदापूरचे बबनतात्या आले. बाजारपेठेत त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. फवारणीचे पंप विकायचे आणि दुरुस्तही करायचे. ज्यांनी हा पंप पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठीवर दप्तरासारखी अडकवायची प्लॅस्टिकची टाकी असते. तिच्यात औषध भरायचं, डाव्या हातानं दांडा वरखाली करायचा, उजव्या हातातल्या नळीतून फवारा उडतो. टाकीच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात दाब तयार करणारी नळकांडी बसते. ती ज्या तबकडीवर बसते तिला तात्या 'बैठक' म्हणायचे. बुडाचं वळण आणि बैठकीचं वळण जुळलं, की मधला रबरी वायसर सगळीकडून सारखा दाबला जातो. नाही जुळलं, तर औषध झिरपतं, आणि झिरपतं ते सरळ माणसाच्या कमरेवर.

आमच्याकडं त्याला औषधच म्हणतात. डब्यावर कवटी छापलेली असते, तरी औषध. आबांनी आयुष्यात फार फवारणी केली नाही. आमच्या घरची मेंढरं जाऊन शेती आली ती त्यांच्याच उमेदीत. पण जी काही वर्षं केली, तेवढ्यात त्यांच्या कमरेवर काळपट पट्टा उमटला. आंघोळीला बसले की तो दिसायचा. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या वडिलांना तो असतो. तात्यांनी बैठक हा शब्द उच्चारला तेव्हा मला तो पट्टा दिसला आणि मी साहेबांच्या आधीच 'करू' म्हणून बसले.

तात्यांना स्वतःच्या दुकानाच्या नावानं पंप काढायचा होता. टाकी पुण्यातल्या एका कारखान्यानं आधीच तयार केली होती. बैठक आम्ही करायची होती. टाकीचा नकाशा आला, पण नकाशातली टाकी आणि हातातली टाकी ह्या दोन सख्ख्या बहिणी असतात, जुळ्या नसतात. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, म्हणून मी नकाशावर विसंबले नाही. टाकी उपडी घालून बुडाचा प्लास्टरचा ठसा घेतला, त्याच्यावरचा एकेक बिंदू उंचीच्या गेजनं मोजला आणि संगणकात तीच कातडी उभी केली. ती वायसरच्या जाडीइतकी सगळीकडून सारखी सरकवली आणि तिच्यावर बैठक कापली. नायलॉनच्या ठोकळ्यातून नमुना कोरून झाला. तो टाकीला लावला, टाकीच्या आत बल्ब सोडला आणि शेडची दारं लोटून पाहिलं. कडेनं कुठूनही उजेड बाहेर येत नव्हता. साहेबांनी चष्मा काढलासुद्धा नाही. म्हणाले, "कोकरे बाई, उत्तम." हा त्यांचा सर्वांत मोठा शब्द होता.

नमुना इंदापूरला गेला. साच्याचं पोलाद आणून ठेवलं होतं, मशीनचा प्रोग्रॅम तयार होता, फक्त तात्यांच्या होकाराची वाट होती. पोलाद कापलं की परत वाढत नाही, म्हणून आमच्यात होकाराशिवाय कुणी ठोकळ्याला हात लावत नाही.

मग तात्यांचा फोन आला. साहेबांनीच घेतला. लाइनवर खरखर चालली होती. साहेब मोठ्यानं 'हॅलो, हॅलो' करत होते. मग त्यांचा चेहरा उजळला आणि तेवढ्यात फोन तुटला. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तात्या म्हणतात, पंप बसला! काय बोलायचंच नाही, म्हणाले!" आणि त्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला.

पेढा माझ्या हातातच राहिला. मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "साहेब, तात्या 'पाठीला बसला' म्हणाले, की नुसतं 'बसला' म्हणाले?"

"नुसतं बसला. का?"

"आवाज कसा होता?"

"फोनवरच्या आवाजासारखा होता. का पण?"

"आमच्याकडं मोटार बसली म्हणजे ती चालू झाली असं नव्हे, साहेब. ती मेली. भिंत बसते, आवाज बसतो, धंदा बसतो."

साहेबांनी आता चष्मा काढला. "आणि झाकण बसतं, घडी बसते, जम बसतो. बैठक आहे, ती बसणारच! काय बोलायचंच नाही, असं म्हणाले ते. एवढं कौतुक आजवर कुणी केलं नाही आपलं."

"काय बोलायचंच नाही, हे आमच्याकडं मयताच्या घरीसुद्धा म्हणतात."

"कोकरे बाई, शंका घ्यायला काही मर्यादा?"

त्यांचंही चुकत नव्हतं. बल्बचा उजेड दोघांनी मिळून पाहिला होता. मी इंदापूरला फोन लावून पाहिला, तर लाइन मेलेली. उद्या सकाळी मशीन सुरू करायचं नाही, एवढंच मी मागत होते. साहेब म्हणाले, "मशीनवर पुढची कामं रांगेत आहेत. तुमच्या व्याकरणासाठी मी रांग मोडणार नाही. जायचं असेल तर रजा टाका आणि जा." मी तिथंच उभ्या उभ्या रजा टाकली. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. पण पोलादात एकदा चूक कोरली गेली की ती प्रत्येक पंपात उतरणार, आणि प्रत्येक पंपाखाली एक कंबर असणार. ते डोक्यात असताना मला गप्प बसवेना.

सकाळच्या एसटीनं निघाले. गाडी अंथुर्ण्याला थांबली तेव्हा वाटलं, उतरावं, आईच्या हातची भाकरी खावी आणि उगाच कुणाच्या शब्दाचा कीस काढू नये. उतरले नाही. इंदापूरच्या स्टँडवरून सरळ दुकान गाठलं. तात्या गल्ल्यामागं बसून एका जुन्या पंपाचा वायसर काढत होते.

"ताई, तुमी? सायबास्नी फोनवर सांगितलं न्हवं?"

"काय सांगितलंत, तात्या?"

"सांगितलं की, पंप बसला म्हून."

"म्हणजे पाठीला बसला?"

"पाठीला कशाचा बसतोय? मेला की वो! टाकी भरली, झाडांच्या दोन वळी मारल्या आन् दाबच धरंना. खालनं समदं औषध महादूच्या कमरंवर. मी म्हणलं काय बोलायचंच न्हाय आता, तेवड्यात लाइन गेली."

मी तात्यांचा हात धरून त्यांना स्टँडशेजारच्या एसटीडी बूथवर नेलं. बारामतीचा फोन लागला. मागं मशीनचा आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "साहेब, थांबवा." साहेब म्हणाले, "तात्या आहेत का? त्यांना द्या." मी दिला.

तात्या ओरडले, "सायेब, बसला म्हंजे बसला की वो! कवाचं सांगतुय!"

तिकडून साहेबांचा आनंदी आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला. "अहो, मग चांगलंच आहे की!"

मी तात्यांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावलाच. "साहेब, मेला. पंप मेला." मग साहेबांचं दूर जाऊन ओरडणं ऐकू आलं, आणि मशीनचा आवाज हळूहळू खाली येत बंद झाला. परत येऊन ते एवढंच म्हणाले, "वरचा थर गेलाय फक्त. ठोकळा वाचला." मी बूथच्या काचेला टेकून उभी राहिले. रडायला वेळ नव्हता. का गळला, हे अजून कळायचं होतं.

महादू तात्यांच्या भावाच्या डाळिंबाच्या बागेत कामाला होता. फवारणी त्याच्याकडंच असायची. नवरा-बायको बागेतच राहायची. आम्ही गेलो तेव्हा तो पालथा पडला होता आणि त्याची बायको पारूबाई त्याच्या कमरेला खोबरेल तेल लावत होती. कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती आणि मधे फोड आले होते. शेजारी खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक पडलं होतं. फवारणीला निघताना इकडं सगळेच ते कमरेला गुंडाळतात, त्याला कागद म्हणतात.

महादू उठून बसला. म्हणाला, "ह्या टायमाला म्या कागद बांदला न्हाय. तात्या म्हनले, नवा पंप हाय, गळत न्हाय."

मला तोंड वर करून बघवेना. हा नमुना माझा होता, बल्बचा उजेड माझा होता, उत्तम हा शब्दही मलाच मिळाला होता. मी पंप उचलला, विहिरीवर नेला आणि नुसत्या पाण्यानं भरत गेले. रिकामा होता तोवर बैठक टाकीला चिकटून होती. निम्मा भरला तेव्हा कडेला ओल दिसली. पूर्ण भरून खांद्याच्या पट्ट्यांवर टांगला तर पाण्याची धारच लागली. मी बुडाला मोजपट्टी लावून पाहिली. वळण बदललं होतं. पाण्याच्या वजनानं बूड खाली सुटलं होतं आणि पट्ट्यांनी कडा वर ओढल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी, टाकीवाल्यांनी, साहेबांनी आणि मी, रिकामी टाकी मोजली होती. रिकामा पंप घेऊन फवारणी कोण करतं?

मग ठसा घ्यायचा तर भरल्या टाकीचा घ्यायला हवा होता, आणि तोही ती माणसाच्या पाठीवर असताना. मी तात्यांना म्हटलं, मला प्लास्टर पाहिजे. तात्या गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याकडून एक पिशवी घेऊन आले. त्यानं विचारलं म्हणे, "ह्या दिवसांत कुठला देव करताय?" मी महादूला विचारलं, थोडा वेळ भरली टाकी पाठीवर घेऊन उभा राहशील का? दुखत असेल तर राहू दे. तो पारूबाईकडं बघायला लागला.

पारूबाई माझ्यावरच खेकसली, "भाजलंय त्याला! तुमचं यंत्र नीट करायला आनी किती भाजून घ्यायचं त्यानं?"

मी म्हटलं, "औषध नाही, नुसतं पाणी भरणार. गळू नये म्हणून भोकाला बूच मारते. प्लास्टर टाकीला लावणार, त्याच्या अंगाला नाही. आणि हे नाही केलं तर पुढचा पंपही गळेल."

ती उठून आत गेली. आतून एक जुनं लुगडं आणलं, घडी करून महादूच्या कमरेवर बांधलं आणि वर टाकी चढवायला स्वतः हात लावला. मी टाकीच्या बुडाला खोबरेल तेल चोपडलं, परातीत प्लास्टर कालवलं आणि परात खालून दाबून धरली. महादूला म्हटलं, फवारताना उभा राहतोस तसा राहा. तो जरा वाकला, डावा खांदा खाली गेला, डावा हात दांड्यावर आला. प्लास्टर घट्ट होताना तापतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ताई, गरम लागतंय."

"माझ्याही हाताला लागतंय. दम धर."

"धरलाय की," महादू म्हणाला, आणि धरला. माझे हात भरून आले तेव्हा पारूबाईनं दुसऱ्या बाजूनं परात धरली. आम्ही तिघं असे उभे असताना तात्या लांबून म्हणाले, "आता कुणी हसू नगा." त्याबरोबर महादूलाच हसू आलं आणि मी त्याच्यावर जोरात ओरडले.

तो ठसा पारूबाईच्याच लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "गणपती हाय का?" मी म्हटलं, "कंबर आहे." त्यानं पुढं काही न विचारता तिकीट फाडलं.

शेडमध्ये ठसा टेबलावर ठेवला आणि साहेब बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. बूड नुसतं सुटलेलं नव्हतं, डाव्या अंगाला जास्त सुटलं होतं. तिथून आमचं भांडण सुरू झालं. संगणकात काम करताना आम्ही अर्धी वस्तू काढतो आणि मधे आरसा धरल्यासारखी दुसरी अर्धी उमटवतो. त्यामुळं वेळ वाचतो आणि वस्तूही देखणी दिसते. साहेब म्हणाले, "दोन्ही बाजूंची सरासरी घ्या, एक अर्धी काढा आणि उलटवा. वाकडी बैठक बघून तात्या हसतील."

"महादू वाकडा उभा राहतो, साहेब. दांडा डाव्या हाताला आहे, तोवर सगळेच तसे उभे राहणार."

"आणि जोडणाऱ्यानं उलटी बसवली तर?"

"उलटी बसणारच नाही अशी एक खाच ठेवते."

साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला, ठशावरून अंगठा फिरवला. "बारामतीत कुणी अशी वस्तू काढलेली नाही," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं नाही आणि नकारही वाटला नाही, म्हणून मी कामाला लागले. वळण नीट उमटेना. एका बाजूची कातडी ओढली की दुसरीकडं सुरकुती पडायची. संगणक मधेच मान टाकायचा आणि केलेलं सगळं पुसलं जायचं. मी पुन्हा काढायची. साहेब अधूनमधून दारात येऊन बघून जायचे. शेवटी कातडी उभी राहिली. तीच वायसरच्या जाडीइतकी सरकवून बैठक कापली आणि कड वाकू नये म्हणून मागून फासळ्या दिल्या. पोलादाला हात न लावता आधी नायलॉनचा नमुना केला. आता रिकाम्या टाकीला ती थोडी तिरपी लागायची, बल्बचा उजेडही दिसायचा. शेडमधले लोक तोंड लपवून हसायचे. हसू दिलं.

एक खंत मात्र आहे आणि ती अजून गेलेली नाही. टाकीत पाणी भरून बघणं ही काही बुद्धीची गोष्ट नव्हती. विहीर सगळीकडं असते. पण आमच्यापैकी कुणाच्याही मनात ते आलं नाही, आणि ते कळायला महादूची कातडी जावी लागली. पुढं बॅटरीवरचे पंप आले आणि तात्यांचा पंप दुकानातून गेला. त्याचं मला वाईट वाटत नाही, पाणी भरून न पाहिल्याचं वाटतं.

दुसऱ्या चाचणीला वैद्य साहेब स्वतः आले. महादूची जखम भरली होती. टाकीत औषध नको, पाणीच भरू, हे माझं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं. पण पाणी गळलं तर घामात कळणार नाही, म्हणून मी त्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि महादूला पांढरा सदरा घालायला लावला. पारूबाई म्हणाली, "गळलं तर ह्यो सदरा कोन धुनार?" साहेब म्हणाले, "आम्ही नवा आणू." ती म्हणाली, "सदऱ्याचं न्हाय वो, मी इचारतीय, गळतंय का न्हाय ते सांगा की!" साहेब माझ्याकडं पाहायला लागले. मलाही माहीत नव्हतं.

महादू टाकी भरून बागेत शिरला. डाळिंबाच्या ओळीमागून ओळ निळ्या तुषारांनी भिजत गेली. आम्ही बांधावर उभे राहून दांड्याचा आवाज ऐकत होतो. दाब शेवटपर्यंत सुटला नाही. टाकी रिकामी करून तो आला. आमच्यापुढं उभा राहिला आणि टाकी उतरवून त्यानं पाठ फिरवली.

कंबर पांढरी होती. कोरडी, पांढरी, एक ठिपका नाही. तात्यांनी माझ्या पाठीत केवढ्यानं तरी थाप मारली. साहेबांनी वाकून, चष्मा लावून, सदरा नीट पाहिला आणि म्हणाले, "उत्तम." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "ठरलं तर, उद्या पोलाद मशीनवर चढवतो."

पारूबाई मात्र महादूच्या मागंच उभी होती. तिनं त्याच्या कॉलरला हात लावला आणि बोटं आमच्यापुढं धरली. ती निळी झाली होती. दांडा मारताना टाकीच्या झाकणातून चूळ उडून मानेवर पडली होती.

"ते झाकण टाकीवाल्यांचं आहे," साहेब म्हणाले. "ते आपल्या कामात येत नाही. आपली बैठक कोरडी आहे."

मी झाकण उघडून हातात घेतलं. टाकीच्या खांद्यावर ते कडेनं डगमगत होतं. तिथलंही वळण वाकडंच होतं.

"साहेब," मी म्हटलं, "मान महादूचीच आहे की."